अप्पांनी न लावलेली पाटी

‘ध्वनिक्षेपक व्यावसायिक विश्वनाथ पांचाळ यांचे निधन.’ एवढीच ओळ, आणि खाली ‘पश्चात पत्नी व पुतण्या असा परिवार’. आम्ही दोघं नवरा-बायको तेव्हा लेकीकडे नाशिकला होतो. कोणीतरी हे कात्रण मोबाइलवर पाठवलं. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू यावं की नाही? मला आधी राग आला. ध्वनिक्षेपक व्यावसायिक म्हणजे लग्नाला, मिरवणुकीला कर्णे लावणारा. त्या धंद्याला मी नावं ठेवत नाही. पण ज्यानं जन्मात एक कर्णा भाड्यानं दिला नाही, मिरवणूक दारावरून जायला लागली की जो कानात कापूस घालून मागच्या खोलीत जाऊन बसायचा, त्याला मेल्यावर हे बिरूद? विश्वनाथ म्हणजे आमचे अप्पा. ते घरी गाणं ऐकण्यासाठीचे संच बनवायचे. सागवानी पेट्यांची जोडी, आत स्वतः गुंडाळलेल्या तारा, सोबत एक अॅम्प्लिफायर. वर्षाकाठी जेमतेम तीन-चार व्हायचे. लांबलांबच्या शहरांतले, परदेशी महागडे संच वाजवून कंटाळलेले लोक त्यांचं घर शोधत परळीला यायचे आणि नंबर लावून थांबायचे. परळीच्याच वार्ताहराला हे ठाऊक नव्हतं. त्यानं बहुतेक कोपऱ्यावरच्या पानटपरीवर विचारलं असावं.

आम्ही परत आलो तोवर तेरावा उरकला होता आणि शोकसभा ठरली होती. ती सभा आठवली की अजून माझं डोकं फिरतं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं सभेसाठी ‘साउंड’ दिला होता. माणसाच्या उंचीच्या काळ्या पेट्यांची भिंतच. माइक हातात घेतला की शिट्टी, सोडला की गुरगुर. प्रत्येक वक्ता आधी माइकवर टकटक करायचा, मग अप्पांच्या आवाजाच्या साधनेबद्दल बोलायचा, आणि त्यातला अर्धा शब्द कोणाला कळायचा नाही. पहिल्या रांगेत अप्पांची बायको, रुक्मिणवहिनी, पदर कानावरून घट्ट ओढून बसल्या होत्या. शेवटी पुढारी उठले आणि म्हणाले, “आमच्या बंगल्यावर आजही अप्पांच्याच हातचा संच वाजतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या… पण ते जाऊ द्या. मुद्दा असा की ही चक्क थाप होती, आणि ती थाप आहे हे त्या मांडवात तीनच माणसांना माहीत होतं. पुढाऱ्याला, मला आणि पहिल्या रांगेतल्या वहिनींना.

मला माहीत होतं, कारण त्या बंगल्यावर अप्पांबरोबर मी गेलो होतो. मांजरसुंब्याच्या अलीकडं रस्त्यालगत तो बंगला आहे. दिवाणखाना एवढा की आत एखादं लग्न लागावं, खाली फरशी, भिंतींना फरशी, वर काचेचं झुंबर. पुढारी म्हणाले, “अप्पा, शेजारच्या गावापातूर ऐकू गेला पायजे.” अप्पांनी मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवली आणि मान वाकडी करून तिचा आवाज विरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “साहेब, आवाज हितं थांबतच न्हाई. सतरंज्या टाका, जाड पडदे लावा, एखादं पुस्तकांचं कपाट ठिवा. मग दोन महिन्यांनी यिऊन बघतो.” पुढाऱ्यांजवळ उभा असलेला एक माणूस पुढं झाला. “बे, तुला सेट द्यायला बोलावलंय का घर सजवायला?” अप्पांनी पायात चपला घातल्या. “मंग आपल्याच्यानं न्हाई व्हायचं,” म्हणाले आणि निघाले. फाट्यापर्यंत उन्हात चालत आलो, ढाब्यावर चहा घेतला. मी चिडलो होतो, हे मात्र शांत. म्हणाले, “सर, त्यास्नी आवाज कुठं पायजे? दरारा पायजे. त्यो मला बनवता येत न्हाई.”

अप्पांचे वडील बैलगाड्या करायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या गाड्या दसऱ्याच्या आधी त्यांच्या दारात रांगेनं उभ्या असायच्या. लाकूड घेताना वडील बोटाच्या पेरानं त्यावर ठोकून कान लावायचे. ‘वल्लं लाकूड खोटं बोलतं,’ हे त्यांचं म्हणणं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा खाल्ल्याशिवाय लाकूड खरं बोलत नाही, म्हणून नवी गाडी वर्षभर वापरून परत दारात आणायची आणि मगच तिच्या जुवावर पांचाळाची खूण करायची, असा त्या घरचा रिवाज होता. पुढं लोखंडी गाड्या, रबरी चाकं आली आणि तो धंदा बसला. अप्पा स्टेशनजवळच्या एका रेडिओच्या दुकानात दुरुस्ती शिकले, मग स्वतःचे संच करायला लागले. खुणेचा रिवाज मात्र त्यांनी सोडला नाही. बाजारात स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडून त्यांनी एकदाच पितळेच्या छोट्या पाट्या कोरून घेतल्या होत्या. ‘पांचाळ, परळी’. त्या बिस्किटाच्या डब्यात असायच्या. संच घरी पोचवताना पेटीच्या पुढं, खालच्या अंगाला पाटीसाठी दोन बारीक भोकं पाडलेली असायची, पण पाटी नसायची. पाटी वर्षानंतर.

आणि नुसतं वर्ष काढून भागायचं नाही. संच बसवायच्या दिवशी अप्पा घरातल्या एका माणसाला दुसऱ्याला हाक मारायला लावायचे आणि ती छोट्या यंत्रावर टिपून घ्यायचे. “रोज मारता तीच हाक मारा, नाटक नको,” असं बजावायचे. वर्षानं एक दिवस न सांगता यायचे, ज्याची हाक असेल त्याला बाहेर पिटाळायचे, आणि ज्याला हाक मारली ते माणूस आत कामात असताना संचावर ती हाक वाजवायचे. आतून ‘ओ’ आली तर पाटी लावायची. नाही आली तर पेटीची पाठ उघडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. एका निवृत्त स्टेशनमास्तरांकडं मी साक्षीला होतो. मास्तर बाजारात गेलेले. संचातून त्यांची हाक गेली आणि त्यांच्या बायकोनं पिठाच्या हातानं बाहेर येऊन विचारलं, “काय हो, काय पाहिजे?” खोलीत आम्ही दोघंच. अप्पांनी खिशातून पेचकस काढला. पाटी लावताना त्यांचे डोळे भरले होते, आणि चहाला न थांबता आम्ही निघालो.

मोठं नाव कशानं होतं, यावर हल्ली व्याख्यानं होतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं एकदा मला आणि अप्पांना पुण्याच्या एका भारी दुकानात नेलं होतं. गार खोली, जाड गालिचा, मंद दिवे. कोट घातलेल्या विक्रेत्यानं कॉफी दिली आणि काच फुटल्याचा आवाज ऐकवला, मग विमानाचा, मग वीज कडाडल्याचा. अप्पा मन लावून ऐकत होते. पेटीवरून त्यांनी हात फिरवला, सांधा कुठं सापडतोय का पाहिलं, आणि मनापासून म्हणाले, “काम एक नंबर हाय.” मग विचारलं, “ही जोडी कोनी ऐकलीय?” विक्रेत्याला कळेना. “ह्या मालाची बात न्हाई. हीच जोडी. हितं यायच्या आधी कोनी बसून ऐकली?” तो म्हणाला, “सर, मशीनवर टेस्ट होते, अगदी बारीक.” “ते तर झालंच. पर ऐकली कोनी?” तो आत जाऊन साहेबांना घेऊन आला, साहेबांनी माहितीपुस्तक आणलं. माझी चिडचिड झाली. बाहेर आल्यावर मी त्या दुकानाला लाखोली वाहिली. अप्पांनी मलाच गप्प केलं. “कावून नावं ठिवता, सर? त्यांचं माप आपल्यापेक्षा बारीक हाय. फकस्त माप घेणारा शिंपी घरी येत न्हाई, एवढंच.”

आता माझ्या संचाची गोष्ट. नऊ वर्षं झाली त्याला. बसवला तेव्हा माझी हाक टिपली होती : “सुमन, अगं माझा चष्मा कुठंय?” ही माझी खरोखर रोजची हाक. वर्षानं अप्पा आले. सुमन आत भाकरी थापत होती. मला अंगणात काढलं आणि हाक वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली, तरी नाही. मी खिडकीतून म्हणालो, “अप्पा, ती माझ्या खऱ्या हाकेलाही ओ देत नाही. ही परीक्षा माझ्या घरात लागू नाही.” आतून सुमन म्हणाली, “खरी असली की देते. ही पेटीतली होती.” कशावरून, तर तिला सांगता येईना. अप्पांनी डोळे मिटून चार वेळा ऐकलं आणि म्हणाले, “नाकात बोलतोय.” त्यानंतर आठ वर्षांत त्यांनी ती पेटी कितीदा उघडली असेल देव जाणे. आवाज घुमू नये म्हणून आत भरलेली लोकर बदलली, तारा नव्यानं गुंडाळल्या, मागची फळी जाड केली. मला पहिल्या दिवसापासून तो संच अप्रतिम वाटत होता, आजही वाटतो. ते नाक मला कधी ऐकूच आलं नाही. “लावून टाका की पाटी, मित्र म्हणून,” असं मी दर दिवाळीला म्हणायचो. ते हसायचे आणि विषय बदलायचे. खरं सांगतो, मला त्याचा राग होता. चाळीस वर्षांची मैत्री, कोण कुठला स्टेशनमास्तर, त्याच्या पेटीला पाटी आणि माझ्या पेटीला दोन भोकं…

शोकसभेनंतर आठवडाभरात पुण्याहून एका कंपनीचा तरुण वहिनींकडं आला. अदबशीर होता, चांगलं बोलत होता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. त्याला ‘पांचाळ, परळी’ हे नाव हवं होतं, आणि डब्यात उरलेल्या पाट्या. पेट्या बाहेरदेशातून तयार येणार, वर ही पाटी बसणार. ‘वारसा’ म्हणाला, ‘मराठवाड्याच्या मातीतला आवाज’ म्हणाला. परळीत राहून दाखव म्हणावं. इथं मातीचा आवाज म्हणजे औष्णिक केंद्राच्या राखेनं बसलेला घसा. मी विचारलं, “तुम्ही अप्पांचा संच ऐकलाय?” तो म्हणाला, “अजून योग नाही आला, सर.” योग! ज्या नावापायी अप्पांनी पुढाऱ्याला नाही म्हटलं, जिवलग मित्राला नाही म्हटलं, ते नाव हा पोरगा न ऐकता खोक्यांवर डकवणार होता. अप्पांचा पुतण्या गोविंद त्याच्या बाजूचा. गोविंद वाईट नाही, काकूला तोच सांभाळतो. म्हणाला, “काकू, नाव डब्यात ठिवून काय करायचंय? तुमचं म्हातारपण सुखात जाईल. काकाचं नाव देशभर व्हईल.”  वहिनी ‘शुक्रवारी सांगते’ एवढंच म्हणाल्या. मी तिथंच अर्धा तास भांडलो. नाव ही काय बाजारातून आणायची वस्तू आहे का, अप्पा असते तर तुम्हाला उंबरा ओलांडू दिला असता का, असं बरंच. वहिनींनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, “सर, गुरुवारी तुमच्या घरी येते.”

मला वाटलं माझं बोलणं त्यांना पटलं. गुरुवारी त्या आल्या तेव्हा हातात पिशवी आणि पिशवीत तो बिस्किटाचा डबा. डबा पाहिला आणि माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मी म्हणालो, “वहिनी, एक पाटी माझ्या संचाला लावा. अप्पांची आठवण म्हणून. त्या खोक्यांवर जाण्यापेक्षा इथं शोभेल.” त्या म्हणाल्या, “आधी ऐकवा.” मी विचारलं काय ऐकवू. “तुमची हाक हाय ना, तीच. पहिल्यापासून लावा.” अप्पांनी दिलेला पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये होता. अप्पा नेहमी माझ्या हाकेपासूनच वाजवायचे, मी पहिल्यापासून लावला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अप्पा म्हणाले, “बोला सर… मारा हाक.”

सुमननं तोंडाला पदर लावला. मला तर समोरचं काही दिसेना. महिना-दीड महिना मी नुसता चिडत फिरत होतो, रडू आलं ते आता. अप्पा खोलीत होते. पायाशी पिशवी, हातात यंत्र, तसेच्या तसे. मी वहिनींकडं पाहिलं. ती बाई मान वाकडी करून बसली होती, डोळे कोरडे. म्हणाल्या, “पुन्हा लावा.” मी लावलं. “आणखी एकदा.” लावलं. मग त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं आणि म्हणाल्या, “न्हाई, सर. ते असं न्हवते बोलत. नाकात येतंय.”

आठ वर्षांपूर्वी अप्पा म्हणाले होते तोच शब्द. मी विचारलं, “अप्पांनी सांगितलं होतं तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “त्यांनी कशाला सांगावं? मीच त्यास्नी सांगितलं हुतं. ही पेटी घरी करत हुते तवाच. परतेक पेटी आधी मीच ऐकत हुते. मागल्या खोलीत मी भांडे घासायची, हे पुढं पेटीवर आपली टिपलेली हाक लावायचे, ‘रुक्मिण, पाणी आण.’ मी ओ दिली तर पेटी घराबाहेर पडायची. तुमच्या पेटीला मी ओ दिली नव्हती. पर तुमी लई घाई लावलती, मित्र म्हनून दिली त्यांनी. ती एकच चूक केली. सारखं बोलून दाखवायचे.”

 वार्ताहर मूर्ख, पुढारी खोटारडा, कंपनीचा पोरगा उथळ, सगळ्यांना मी शिव्या मोजून दिल्या होत्या. आणि पुण्याच्या दुकानात अप्पांनी ‘ऐकली कोनी?’ असं विचारलं, पण त्यांच्या पेट्या कोणी ऐकल्या, हे मी त्यांना चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्या घरात मी शेकडो वेळा चहा प्यायलो. बशी पुढं करणाऱ्या हाताकडं कधी पाहिलं नाही. कात्रणात ‘पश्चात पत्नी’ एवढंच छापलं होतं, तेही मला खटकलं नव्हतं. आणि वर, जी पेटी मीच घाई करून अर्धी नेली, तिच्यावर ऐकल्याबिगर पाटी लाव म्हणून मीच हट्ट धरून बसलो होतो. मग त्या पोरात आणि माझ्यात फरक काय राहिला? लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

शुक्रवारी वहिनींनी कंपनीच्या तरुणाला उत्तर दिलं. मी होतो तिथं, पण या वेळी तोंड उघडलं नाही. त्या म्हणाल्या, “नाव घ्या. पर परतेक पेटी आधी हितं आणायची. ह्यांच्या हाकेवर मी ओ दिली तर वर्सभर एखाद्या घरात ठिवायची. मग मी यिऊन ऐकीन आन् पाटी लावीन.” तो हसला, मग बाई चेष्टा करत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणाला, “मावशी, असं हजारो पेट्यांना कसं जमणार?” वहिनी म्हणाल्या, “मंग न्हाई व्हायचं.” अगदी अप्पांच्याच सुरात. तो फोन करतो म्हणून गेला, त्याचा फोन आला नाही. गोविंद चार दिवस घुश्शात होता. पाचव्या दिवशी काकूला घेऊन कपिलधारला गेला, तिकडून प्रसाद आणून आमच्याकडंही देऊन गेला.

आमच्या घरात सकाळी पेट्या पुसायचं काम माझं. औष्णिक केंद्राची राख रात्रीतून सगळीकडं बसते, पेटीच्या त्या दोन भोकांत जरा जास्तच. फडक्याचं टोक पिळून मी ती आतून साफ करतो. मागच्या गुरुवारी वहिनी पेचकस घेऊन आल्या, पेटीची पाठ उघडली, अप्पांनी घातलेली लोकर थोडी काढली, बाकीची हातानं मोकळी करून परत घातली आणि अप्पांची ती ओळ वाजवायला सांगितली. “बोला सर… मारा हाक.” त्यांनी ‘आत्ता न्हाई’ अशी मान हलवली. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या म्हणाल्या. निघताना डबा पिशवीत घालून घेऊन गेल्या, आणि मी पाटी मागितली नाही.